प्रतिज्ञापत्रावर सही आमची, आणि जबाबदारी कुणाची?

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री महोदय,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई.

सविनय नमस्कार.

मी कोरेगाव तालुक्यातल्या एका गावची अंगणवाडी सेविका. मुलगा साताऱ्यातल्या एका कॉलेजात पहिल्या वर्षाला आहे. कॉलेजचं नाव लिहीत नाही, मुलाचंही नाही. "आई, नाव नको, मला अजून तिथंच शिकायचंय," असं तो म्हणाला.

मुलावर झालेल्या रॅगिंगच्या तक्रारीवर काल कॉलेजचं पत्र आलं. अडीच ओळींचं. "संबंधित विद्यार्थ्यांना समज देण्यात आली असून प्रकरण निकाली काढण्यात आले आहे." सात दिवसांत कारवाई करतो, असा शब्द प्राचार्यांनी मला आणि माझ्या मालकांना समोर बसवून दिला होता. तेविसाव्या दिवशी या अडीच ओळी हातात पडल्या, म्हणून आपल्याला लिहिते आहे.

कॉलेजात ढोल-ताशा पथक आहे. गणपतीच्या आधी दोन महिने सराव चालतो. माझा लेक गावच्या जत्रेत हलगी वाजवत मोठा झालेला, त्यानं पहिल्याच आठवड्यात नाव दिलं. पण नव्या पोराला ढोल लगेच हातात देत नाहीत. तिथली बोली अशी की ढोल कमवावा लागतो. आधी महिनाभर दोऱ्या ताणायच्या, पाणी आणायचं, मोठ्यांच्या चपला सांभाळायच्या. मग एक रात्र ठरते. त्या रात्री अकरा नव्या पोरांच्या कमरेला ढोल बांधले आणि बैठका मारायला लावल्या. आकडा पाचशेचा. एक जण मोजायला उभा. अकरातला कुणीही खाली बसला की सगळ्यांची मोजणी पुन्हा एकपासून. माझ्या पोरानं एकूण किती मारल्या, ते त्यालाही सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मांड्या लाकडासारख्या झाल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी लघवी कोऱ्या चहाच्या रंगाची आली. खोलीतल्या मित्रानं मला फोन केला, ह्यानं केलाच नसता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. स्नायूंवर एकाएकी एवढा ताण आला की ते आतून फुटतात, त्यातलं द्रव्य रक्तात उतरतं आणि किडनीत जाऊन बसतं. वेळेत सलाईन लागलं नाही तर डायलिसिसची पाळी येते. रक्तातली सीपीके नावाची तपासणी शे-दोनशेच्या आसपास असायला हवी, ती अडुसष्ट हजार निघाली. सहा दिवस तो पडून होता. बाटलीतली लघवी मोजून किती आणि कोणत्या रंगाची ते वहीत लिहायचं काम नर्सनं मला दिलं. अंगणवाडीत आयुष्यभर रजिस्टरं लिहिली, पण त्या वहीवर माझा हात थरथरत होता. चौथ्या दिवशी पहाटे रंग फिका पडला तेव्हा मी ती बाटली खिडकीच्या उजेडाला धरून किती वेळ बघत बसले होते.

बिल झालं ७४ हजार. तीस बचत गटातून काढले, उरलेल्यासाठी माझं डोरलं मोडलं. मानधन कापलं गेलं ते वेगळंच.

आणि प्राचार्य काय म्हणाले? "अहो ताई, बैठका मारून कुणी मरतं का? आपला सातारा जिल्हा पैलवानांचा." साहेब, १९५२ साली हेलसिंकीत पदक मिळवणारे खाशाबा जाधव आमच्याच जिल्ह्यातल्या गोळेश्वरचे. पैलवान हजार बैठका मारतो ते वर्षानुवर्षं अंग तयार करून, समोर वस्ताद उभा असतो, पोटात खुराक असतो. रात्री अकरा वाजता, उपाशी पोटी, भीतीनं मारलेल्या बैठकांना आखाड्याचं नाव देऊ नका. नोव्हेंबर २०२४ मध्ये गुजरातेत पाटणजवळच्या धारपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाच्या पोराला सीनियर मुलांनी तासन् तास नुसतं उभं केलं होतं. ते पोर कोसळलं आणि गेलं.

प्राचार्यांचं दुसरं म्हणणं, पथक कॉलेजचं नाहीच. मुलांनी मुलांचं काढलंय, सराव बाहेरच्या मैदानावर होतो. मग प्रवेशाच्या वेळी जी पुस्तिका आमच्या हातात दिली, तिच्या मागच्या पानावर पथकाचा फोटो कसा?

मी तालुक्याच्या वकिलांकडून कायद्याची प्रत आणून वाचली. महाराष्ट्राचा रॅगिंगबंदीचा कायदा १९९९ चा आहे. संस्थेच्या आत किंवा बाहेर, दोन्हीकडे बंदी, असं त्यात स्पष्ट आहे. जे कृत्य विद्यार्थी एरवी आपणहून करणार नाही ते करायला सांगणं, हेसुद्धा रॅगिंगच. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. तक्रार आली की प्रमुखानं सात दिवसांत चौकशी करायची, तथ्य दिसलं तर मुलाला निलंबित करून तक्रार पोलिसांकडे पाठवायची. आणि कलम ७ म्हणतं की प्रमुखानं यात कसूर केली तर त्यानंच गुन्ह्याला साथ दिली असं धरलं जाईल, शिक्षाही तीच. पाव शतक झालं या कलमाला, साहेब. महाराष्ट्रात या कलमाखाली किती प्राचार्य कोर्टात उभे राहिले, तेवढा एक आकडा आपण जाहीर करा.

चौकशी समिती नवव्या दिवशी बसली. त्यात पथकाला मार्गदर्शन करणारे सरच सदस्य. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांप्रमाणे समितीत पोलीस, पालक, नव्या मुलांचे प्रतिनिधी असायला हवेत. त्या खोलीत यातलं कुणी नव्हतं. माझ्या पोराला प्रश्न एकच विचारला, "तू नाही का म्हणाला नाहीस?"

हे मीही त्याला दवाखान्यात विचारलं होतं. तो म्हणाला, "आई, ते म्हणत होते जमत नसेल तर घरी जा. मला घरी जायचं नव्हतं." गावाकडून आलेल्या पोराला शहरात आपलं म्हणणारं कुणीतरी हवं असतं. त्या अकरा जणांत आपण बसलो तर बाकीच्या दहांची मोजणी आपल्यामुळं पहिल्यापासून होणार, हे त्याला दिसत होतं. अशा वेळी नाही कुठून येणार तोंडात? आणि मोजायला उभा असलेला पोरगा आमच्या शेजारच्याच गावचा, दुसऱ्या वर्षाचा. मागच्या वर्षी त्याच मैदानावर तो चक्कर येऊन पडला होता. तोच दवाखान्यात रोज संध्याकाळी डबा घेऊन यायचा आणि दाराशी उभा राहून रडायचा. कायद्याप्रमाणे दोषी ठरून नाव काढलं तर त्याला पाच वर्षं कुठंच प्रवेश नाही. त्याला शिक्षा व्हावी, मी नको म्हणत नाही. पण दरवर्षी हे होतं हे माहीत असून ज्या मोठ्या माणसांनी त्या रात्री मैदानाकडे फिरकायचं टाळलं, ती माणसं त्या अडीच ओळींत कुठं आहेत?

माझ्या अंगणवाडीतल्या मुलाचं वजन दोनशे ग्रॅम घटलं तर पोषण ट्रॅकर या आमच्या मोबाईलवरच्या नोंदीत दिसतं, सुपरवायझर मॅडम मला जाब विचारतात. आयोगाच्याच नियमांत आहे की पहिले तीन महिने दर पंधरा दिवसांनी नव्या मुलांकडून नाव न लिहिता माहिती घ्यायची. माझ्या पोराला एकदाही असा कागद मिळाला नाही. १८००-१८०-५५२२ हा मदतीचा नंबर मला दवाखान्यातल्या नर्सनं दिला. कॉलेजात तो लिहिलाय, जिन्याखाली, चपलांच्या रॅकच्या मागं.

लक्ष ठेवणार तरी कोण? निम्मे शिक्षक तासिका तत्त्वावर, ते पुढच्या वर्षी राहतील का हे त्यांनाच ठाऊक नाही. वसतिगृहाला रेक्टर म्हणून वॉचमन. आमच्या भागात कारखाना ज्यांचा, बँक त्यांची आणि कॉलेजही त्यांचंच. माझे मालक कारखान्यात हंगामी कामाला आहेत. पोलिसांत जायचं म्हटलं तेव्हा ते दोन दिवस जेवले नाहीत, आणि शेवटी म्हणाले, "गप्प बस, हंगाम तोंडावर आलाय." मी त्यांना दोष देत नाही. ज्याच्या हातात रोजी आहे त्याच्याच दारात न्याय मागायला लावणारी ही व्यवस्था कुणी उभी केली, ते आपण सांगा.

याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली बोर्डिंग काढलं. सगळ्या जातीची पोरं एका पंगतीला बसवली. त्या पोरांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडलं. शंभर वर्षांनी मी माझं मोडलं, ते कॉलेजातून परत आलेल्या पोराची किडनी वाचवायला.

माझं मागणं फार नाही. कॉलेजच्या नावावर चालणारं प्रत्येक पथक, संघ, मंडळ कागदावर यावं आणि त्यापुढं एका कायम शिक्षकाचं नाव असावं. सराव असेल त्या वेळी तो शिक्षक तिथं हजर असावा. तक्रारीची चौकशी बाहेरच्या माणसासमोर व्हावी. आणि आमच्या प्रकरणात कलम ७ लागू होतं की नाही, हे मला लेखी कळवावं.

प्रवेशाच्या दिवशी प्रतिज्ञापत्रावर मी सही केली होती, माझा मुलगा रॅगिंग करणार नाही म्हणून. धाकटी आता बारावीला आहे. जूनमध्ये तेच प्रतिज्ञापत्र पुन्हा माझ्यापुढं येईल. तिच्या अंगाला कुणी हात लावणार नाही, आणि लावलाच तर मी सात दिवसांत पोलिसांना कळवीन, असं प्राचार्यांच्या सहीचं पत्र त्या दिवशी आधी माझ्या हातात पडलं पाहिजे. त्याशिवाय मी पेन उचलणार नाही.

आपली,
एक अंगणवाडी सेविका,
ता. कोरेगाव, जि. सातारा