नराविना चालणाऱ्या वंशाचा आरंभ

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

अमेरिकेतील न्यू मेक्सिको राज्याने २००३ साली ज्याला राज्य-सरीसृपाचा मान दिला, त्या ‘न्यू मेक्सिको व्हिपटेल’ या सरड्याच्या जातीविषयी लिहिताना ‘निसर्गाला नराची गरज उरलेली नाही’ असा सूर हमखास लावला जातो. या जातीत केवळ माद्या असतात आणि त्यांच्या अफलित अंड्यांतून माद्याच जन्मतात हे खरे असले, तरी त्यावरून काढलेला हा निष्कर्ष मात्र घाईचा आहे.

या जातीचा आरंभच मुळी नर-मादीच्या मीलनातून, तोही व्हिपटेल गटातल्याच दोन वेगळ्या जातींच्या संकरातून झाला. घोडी आणि गाढव यांच्या संकरातून जन्मणारे खेचर सहसा वांझ राहते. इथे मात्र संकरातून जन्मलेल्या लेकीने नराविना वंश चालवला. एरवी अंडे तयार होताना गुणसूत्रांची, म्हणजे पेशीतील आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्यांची, संख्या निम्मी होते आणि उरलेला वाटा पित्याकडून येतो. नराविना प्रजनन करणाऱ्या व्हिपटेलच्या अंडपेशीत विभाजनापूर्वी गुणसूत्रे एकदा अधिक दुप्पट होतात आणि जोडी जमते ती एकाच गुणसूत्राच्या दोन हुबेहूब प्रतींची, हे पीटर बाउमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅन्सस सिटीच्या स्टॉवर्स संस्थेतील संशोधनातून २०१० साली दाखवून दिले. परिणामी निम्मे होऊनही संच पूर्ण राहतो आणि मूळच्या दोन जातींकडून आलेले वैविध्य पिढ्यान्‌पिढ्या टिकते. (अर्थात, सगळ्याच जवळजवळ एकसारख्या असल्याने एखादा नवा रोग आला, तर धोकाही सगळ्यांना सारखाच.) याच प्रयोगशाळेतील, २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात गुणसूत्रांचे तीन संच असलेल्या अशाच एका जातीच्या मादीचा दुसऱ्या जातीच्या नराशी संकर होऊन चार संचांच्या, नराविना प्रजनन करणाऱ्या माद्यांचा नवा वंश सुरू झाला, म्हणजे तिथेही नर लागलाच.

केवळ माद्यांची जात पाहण्यासाठी अमेरिकेकडेच वळायला हवे असे नाही. आपल्याकडे कुंडीच्या मातीत सापडणारा, गांडुळासारखा दिसणारा वाळा हा बिनविषारी सापही केवळ माद्यांचाच असून त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असतात. नवी वस्ती उभारायला एकटी मादी पुरत असल्याने कुंड्यांमधून तो जगभर पोहोचला. विषारी सापाचे पिल्लू समजून तो अनेकदा मारला जातो. म्हणून या विषयावर पुन्हा मजकूर द्याल तेव्हा वाळ्याचे छायाचित्रही छापावे, ही विनंती.

आपली,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका, सातारा