सूचना : सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीसाठी अडचणी कळवण्याबाबत

सर्व सभासदांना कळवण्यात येते की, आपण वापरत असलेल्या क्लिनिकल ट्रायल (औषधांच्या माणसांवरील चाचण्या) व्यवस्थापन सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीचे काम सुरू झाले असून, सध्याच्या आवृत्तीत रोज जाणवणाऱ्या अडचणी येत्या शनिवारपर्यंत लेखी पाठवाव्यात.

गंभीर प्रतिकूल घटनांच्या, म्हणजे चाचणीदरम्यान सहभागी रुग्णाच्या प्रकृतीला झालेल्या गंभीर अपायाच्या, नोंदीकडे विशेष लक्ष द्यावे. भारताच्या ‘नवीन औषधे आणि क्लिनिकल ट्रायल नियम, २०१९’ नुसार अशी घटना घडल्यापासून २४ तासांच्या आत संशोधकाने ती केंद्रीय परवाना प्राधिकरण (चाचणीला परवानगी देणारी सरकारी यंत्रणा), प्रायोजक (चाचणी करवून घेणारी कंपनी वा संस्था) आणि नैतिकता समिती (सहभागींच्या हितावर लक्ष ठेवणारी समिती) यांना कळवणे आणि विश्लेषणासह अहवाल १४ दिवसांत देणे बंधनकारक असताना, आपल्या पडद्यावर मात्र घटनेची फक्त तारीख भरता येते, वेळ नाही. रात्री साडेअकराला घडलेल्या घटनेची मुदत नेमकी कधी संपते, हे त्यामुळे संगणकाला कळतच नाही. माझ्या मते हा बदल सर्वांत आधी व्हायला हवा, कारण प्रश्न सहभागी रुग्णाच्या जिवाचा आहे.

दुरुस्त्यांच्या इतिहासाबाबतही लिहावे. रक्तदाब १३० ऐवजी चुकून १०३ भरला गेला आणि नंतर सुधारला, तर जुना आकडा, नवा आकडा, सुधारणाऱ्याचे नाव, वेळ आणि कारण हे सर्व कायम दिसले पाहिजे; सध्या कारणाचा रकाना रिकामा ठेवूनही पुढे जाता येते.

पडद्याचे छायाचित्र पाठवताना रुग्णाचे नाव, आद्याक्षरे आणि नोंदणी क्रमांक न चुकता झाकावेत. सॉफ्टवेअरच्या चाचणी आवृत्तीत खऱ्या रुग्णांची माहिती कोणीही भरू नये, ही कळकळीची विनंती.