आधी सॉफ्टवेअर बदला, मग विंडोज सोडा

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

विंडोज १० ची नियमित सुरक्षा अपडेट्स १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली. विंडोज ११ ला टीपीएम २.० (संगणकातली सुरक्षा-चिप) आणि बऱ्यापैकी नवा प्रोसेसर लागतो (इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा), त्यामुळे अजून धडधाकट असलेले कितीतरी संगणक वाटेतच अडकले. ‘त्यावर लिनक्स टाका’, म्हणजे विंडोजऐवजी ही मोफत सिस्टीम बसवा, हा सल्ला योग्य आहे, पण तो अर्धवट दिला जातो. आपण काम करतो ते सवयीच्या आठ-दहा सॉफ्टवेअरवर. विंडोज किंवा लिनक्स हे त्यांच्याखालचे जोते. सॉफ्टवेअर सोबत येणार की नाही, हे न बघता डिस्क पुसली की आठवड्याभरात पुन्हा विंडोजची शोधाशोध सुरू होते. म्हणून क्रम उलटा हवा: आधी विंडोजवरच सॉफ्टवेअर बदलायचे आणि ते अंगवळणी पडल्यावर खालची सिस्टीम बदलायची.

सुरुवात यादीने करावी. ‘सेटिंग्ज’मधल्या ‘ॲप्स’ची यादी लांबलचक दिसते, पण तिच्यात निम्मी भरती ड्रायव्हर आणि कंपनीने आधीच भरून दिलेल्या गोष्टींची असते. खरोखर वापरात असलेली नावे कागदावर घ्या आणि प्रत्येकापुढे ते सॉफ्टवेअर कोणत्या प्रकारची फाइल बनवते तेही लिहा. हा दुसरा रकाना जास्त महत्त्वाचा. सॉफ्टवेअरला पर्याय मिळतो, पण फक्त त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडणारी फाइल मागे राहते. अशा फाइली विंडोज चालू आहे तोवरच पीडीएफ, सीएसव्ही (तक्त्याची साध्या मजकुरातली फाइल) किंवा दुसऱ्या खुल्या प्रकारात काढून ठेवाव्यात.

फायरफॉक्स, क्रोम, थंडरबर्ड, व्हीएलसी, गिम्प, इंकस्केप, ब्लेंडर, ऑडॅसिटी, ओबीएस, कॅलिबर ही मंडळी दोन्हीकडे सारखीच चालतात. त्यांची चिंता नको. खरा प्रश्न वर्ड आणि एक्सेलचा असतो. महिनाभर विंडोजवरच लिब्रेऑफिस या मोफत ऑफिस सॉफ्टवेअरमध्ये सगळे काम करून पाहा. अडचण आली तरी जुने सॉफ्टवेअर शेजारीच असते. नेहमीची तक्रार असते की वर्डची फाइल उघडली आणि पाने सरकली. यात दोष बहुधा फॉन्टचा असतो. कॅलिब्री लिनक्सवर नसतो. त्याच्या जागी भलताच फॉन्ट आला की अक्षरांची रुंदी बदलते, ओळ दुसरीकडे तुटते आणि तक्ता पुढच्या पानावर जातो. कॅलिब्रीऐवजी कार्लिटो आणि कॅम्ब्रियाऐवजी कॅलाडिया हे फॉन्ट बसवले की रुंदी तंतोतंत जुळते, कारण ते त्याच मापाने बनवलेले आहेत. एरिअल आणि टाइम्स न्यू रोमनसाठी तेच काम लिबरेशन फॉन्ट करतात. एक्सेलमधले मॅक्रो (तीच ती कामे आपोआप करणाऱ्या छोट्या आज्ञावली) मात्र सगळेच चालतील याची खात्री नाही. ज्या फाइलीत मॅक्रो आहेत ती प्रत्येक फाइल स्वतः चालवून पाहावी.

मराठी लिहिणाऱ्यांनी आणखी एक तपासणी करावी. युनिकोडमधला मजकूर कुठेही उघडतो आणि इन्स्क्रिप्ट कळफलक लिनक्समध्ये तयार असतो. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची सवय असेल तर आयबस आणि एम१७एन ही पॅकेजेस बसवावी लागतात. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधल्या फाइली मात्र तो फॉन्ट नसेल तर इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दाखवतात. फॉन्टची फाइल नव्या सिस्टीमवर नेली की वाचता येते, पण शोधता येत नाही. महत्त्वाचा मजकूर एकदाचा युनिकोडमध्ये बदलून घ्यावा, आणि बदलल्यावर जोडाक्षरे व रफार नजरेखालून घालावेत. चुका तिथेच राहतात.

ब्राउझरच्या बाबतीत एक फरक फार थोड्यांना माहीत असतो. फायरफॉक्स बंद करून त्याचे संपूर्ण प्रोफाइल फोल्डर नव्या जागी कॉपी केले की बुकमार्क, पासवर्ड, एक्स्टेन्शन सगळे जसेच्या तसे येते. हे फोल्डर ‘हेल्प’ मेनूतल्या ‘मोअर ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन’ या पानावरून उघडता येते. क्रोमचे तसे नाही. त्यातले पासवर्ड विंडोजच्या खात्याशी बांधलेल्या किल्लीने कुलूपबंद असतात. फोल्डर नेले तरी दुसरीकडे ते उघडत नाहीत. एक तर गुगल खात्याचे सिंक चालू ठेवावे, नाहीतर पासवर्ड मॅनेजरमधून सीएसव्ही फाइल काढावी. त्या फाइलीत सगळे पासवर्ड उघडे असतात, म्हणून काम झाल्याबरोबर ती कायमची पुसावी, रीसायकल बिनमधूनसुद्धा.

थंडरबर्ड या ईमेलच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘टूल्स’मधल्या ‘एक्स्पोर्ट’ने सगळी टपाल एका झिप फाइलीत येते. प्रोफाइल २ जीबीपेक्षा मोठे असेल तर फोल्डर हाताने कॉपी करावे लागते. नवीन आवृत्तीत वापरलेले प्रोफाइल जुनी आवृत्ती उघडत नाही, तेव्हा लिनक्सवरचे थंडरबर्ड निदान तितकेच नवे हवे. आउटलुकची पीएसटी फाइल (तिच्यात ईमेल साठवलेले असतात) असेल तर ती आयात करण्याचे काम विंडोजवर, आउटलुक बसवलेले असतानाच उरकावे.

आता ज्याला पर्यायच नाही असे सॉफ्टवेअर. त्यासाठी विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे, १९९३ पासून विकसित होत असलेले वाइन आहे. वाइन म्हणजे नकली विंडोज नव्हे. प्रोग्रॅम विंडोजकडे ‘ही फाइल उघड’, ‘ही खिडकी काढ’ अशा मागण्या करतो आणि वाइन त्या तिथल्या तिथे लिनक्सच्या भाषेत करून देते. म्हणून वेग जवळपास मूळचाच राहतो. प्रत्येक सॉफ्टवेअरला स्वतंत्र ‘प्रीफिक्स’, म्हणजे वाइनचे वेगळे फोल्डर द्यावे. एकाला लागणारी डॉटनेटची (विंडोजच्या कित्येक प्रोग्रॅमना लागणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या पूरक सॉफ्टवेअरची) आवृत्ती दुसऱ्याला बाधते आणि सगळे एकाच ठिकाणी कोंबले की काय बिघडले ते कळत नाही. ‘बॉटल्स’ हे सॉफ्टवेअर ही वाटणी सोपी करते. खिडकी उघडली पण अक्षरांच्या जागी चौकोन दिसले, तर ‘वाइनट्रिक्स’ या वाइनच्या मदतनीस सॉफ्टवेअरमधून ‘कोअर फॉन्ट्स’ बसवावेत.

पण वाइनची हद्द ओळखायला हवी. विंडोजच्या गाभ्यात शिरणारे ड्रायव्हर त्यात चालत नाहीत. म्हणून यूएसबी डोंगलवर चालणारे सॉफ्टवेअर, डिजिटल सहीची टोकन, काही स्कॅनर आणि गाभ्यात बसणारी चीटिंगरोधक यंत्रणा असलेले ऑनलाइन खेळ अडतात. ॲडोबी आणि मायक्रोसॉफ्ट ३६५ च्या ताज्या आवृत्त्या वाइनच्या भरवशावर ठेवू नयेत. त्यांच्यासाठी व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लिनक्सच्या आत आभासी संगणक तयार करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, विंडोज चालवावे. ८ जीबी रॅम असेल तर त्यातली ४ जीबी आतल्या विंडोजला देता येते आणि काम कसेबसे होते. १६ जीबी असेल तर कुरकुर राहत नाही. आधी बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंगमध्ये) व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्ही ही प्रोसेसरची आभासी संगणकासाठीची सोय चालू करावी लागते. आतल्या विंडोजलाही परवाना लागतो, आणि संगणकासोबत आलेला ओईएम परवाना त्याला चालेल असे गृहीत धरू नये. जुने विंडोज नुसत्या एकाच सॉफ्टवेअरपुरते ठेवत असाल तर त्याचे इंटरनेट तोडून टाकावे.

सिस्टीम बदलण्यापूर्वी ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर लिनक्स मिंट (लिनक्सचा एक प्रकार) उतरवून त्यावरूनच संगणक चालू करावा. डिस्कला हात लागत नाही. वाय-फाय, आवाज, प्रिंटर, वेबकॅम आणि झाकण मिटल्यावर पुन्हा जागे होणे, हे सगळे त्या तासाभरात तपासून होते. जे पेनड्राइव्हवर चालत नाही ते डिस्कवर आपोआप चालेल असे समजू नका.

दोन्ही सिस्टीम शेजारी ठेवायच्या असतील तर बिटलॉकर (विंडोजचे डिस्क कुलूपबंद करणारे साधन) चालू आहे का ते पाहून त्याची ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा. संगणक सुरू होण्याची (बूटची) मांडणी बदलताच ती मागितली जाऊ शकते आणि नसेल तर डेटा गेला म्हणून समजा. विंडोजचे ‘फास्ट स्टार्टअप’ही बंद करा. ते चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपते. लिनक्समधून त्या ड्राइव्हवरच्या फाइली वाचता येतात, पण लिहिता येत नाहीत, आणि लोक डिस्क बिघडली म्हणून घाबरतात. फ्लॅटपॅकमधून (लिनक्सवर सॉफ्टवेअर बंदिस्त स्वरूपात देणाऱ्या पद्धतीतून) घेतलेल्या सॉफ्टवेअरला दुसरा ड्राइव्ह दिसला नाही तर ‘फ्लॅटसील’मधून तशी परवानगी द्यावी.

मॅककडे वळणाऱ्यांसाठी थोडक्यात. ॲपलच्या स्वतःच्या चिपवर, म्हणजे २०२० च्या एम१ पासून, बूट कॅम्प (मॅकवर विंडोज बसवण्याची सोय) नाही, आणि विंडोजचा एनटीएफएस ड्राइव्ह मॅक वाचतो पण त्यावर लिहीत नाही. २०१९ च्या कॅटालिनापासून ३२ बिटची जुनी मॅक सॉफ्टवेअर्सही चालत नाहीत, तेव्हा पूर्वी विकत घेतलेली आवृत्ती उपयोगी पडेल असे धरू नये.

शक्य असेल तर जुनी डिस्क पुसूच नका. नव्या एसएसडीवर नवी सिस्टीम घाला आणि जुनी निदान तीन महिने खणात राहू द्या. तेही जमत नसेल तर पुसण्याआधी विकतची सॉफ्टवेअर एकेक करून उघडा आणि ‘डीॲक्टिव्हेट’ करा. कित्येक परवाने ठरावीक संगणकांपुरतेच असतात. परवान्यातली ती जागा बहुधा त्या सॉफ्टवेअरच्या आतूनच मोकळी करावी लागते, आणि डिस्क पुसल्यावर ते बटण दाबायला जागाच उरत नाही.

आपला विश्वासू,
एक वाचक