ताई, त्या एका "फक्त"साठी थँक यू

ताई, सप्रेम सलाम.

हे समोर बसून सांगायला हवं होतं पण बोलायला लागले की गळा दाटून येतो म्हणून लिहितेय. आई गेल्यावर वर्षभर माझ्या डोक्यात एकच चालू होतं, माणूस म्हणजे अणूंचा ढीग, माया म्हणजे ऑक्सिटोसिन नावाचं हार्मोन, आणि मी रडतेय तेही मेंदूतलं केमिकलच. विज्ञानाने हे सिद्ध केलंय असं मी तुमच्यावर जवळजवळ ओरडलेच होते. तुम्ही बायबलची वचनं तोंडावर फेकली नाहीत, विश्वास कमी पडतोय असंही म्हणाला नाहीत. एवढंच विचारलंत, "ऑक्सिटोसिन असतं हे प्रयोगात दिसतं, पण फक्त तेवढंच असतं हे कुठल्या प्रयोगात दिसलं?"

त्या रात्री मला झोप नाही लागली. निसर्ग कसा चालतो ते शोधणं हे विज्ञान, आणि निसर्गापलीकडे काहीच नाही हे म्हणणं म्हणजे निसर्गवाद, तीही एक श्रद्धाच, हा फरक मला तोवर कुणी दाखवलाच नव्हता.

मग तुम्ही डार्विनचं १८८१ चं पत्र दाखवलंत, प्राण्यांच्या मनातून घडलेल्या माणसाच्या मनाच्या खात्रीवर भरवसा ठेवावा का, अशी भयंकर शंका येते म्हणणारं. मी खूश होऊन ते सगळ्यांना पाठवायला निघाले तर तुम्हीच थांबवलंत, की विश्व निव्वळ योगायोगाने झालेलं नाही असं त्याला आतून वाटत होतं आणि शंका त्या वाटण्यावरच होती, अर्धं वाचून वापरू नकोस. ख्रिस्ती लेखक सी. एस. लुईसचंही तसंच. विचार जर फक्त आंधळ्या कारणांनी घडत असतील तर निसर्गवाद हा विचार तरी खरा कशावरून, हा मुद्दा त्याने १९४७ मध्ये 'मिरॅकल्स' या पुस्तकात मांडला, १९४८ ला ऑक्सफर्डमध्ये तत्त्वज्ञ एलिझाबेथ अ‍ॅन्सकॉम्बने त्यातल्या चुका दाखवल्या, आणि ती स्वतः कॅथलिक होती बरं का. लुईसने १९६० च्या आवृत्तीत ते प्रकरण सुधारून लिहिलं. आपल्याच बाजूची कच्ची जागा तुम्ही लपवली नाहीत, म्हणून तर बाकीच्यावर माझा विश्वास बसला. "प्रारंभी शब्द होता" हे बायबलमधलं वचन लहानपणापासून पाठ होतं, पण जगाच्या मुळाशी अर्थ आहे आणि म्हणून आपल्या बुद्धीवर भरवसा ठेवता येतो, हे त्यात आहे ते तुमच्यामुळे कळलं.

आणि सगळ्यात जास्त थँक यू लाजराच्या कबरेसाठी. येशूला माहीत होतं की आपण या मेलेल्या मित्राला परत जिवंत उठवणार आहोत, तरी तो रडला. तुम्ही ते वाचलंत आणि पुढे काही समजावत बसला नाहीत, माझा हात धरून नुसत्या बसून राहिलात. त्या दिवशी मी पहिल्यांदा आईसाठी मोकळेपणाने रडले, हे खरं की खोटं असा हिशोब न करता.

आईला इतकं का सोसावं लागलं याचं उत्तर मला अजून मिळालेलं नाही, ते तुम्हाला माहीतच आहे. रविवारी येतेय, तिथून पुढे बोलू.

तुमचीच