पावसाळ्याआधी जनरेटरवर खरा लोड टाकून पाहा : जिल्हाधिकाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, कोल्हापूर.

विषय : रुग्णालये व पूरग्रस्त निवारा केंद्रांतील डिझेल जनरेटरच्या मान्सूनपूर्व तपासणीबाबत.

महोदय,

मान्सूनपूर्व आढाव्यासाठी तालुक्यातालुक्यांतून साधनसामग्रीची यादी मागवली जाते, तेव्हा बोटी, लाइफ जॅकेट आणि दोर यांच्याबरोबर जनरेटरचीही नोंद होते. त्यापुढे ‘सुस्थितीत’ असे लिहिण्यापूर्वी अनेक ठिकाणी काय केले जाते, हे शिवाजी उद्यमनगर परिसरात इंजिनदुरुस्ती करणारा व्यावसायिक म्हणून मी जवळून पाहत आलो आहे. किल्ली फिरवायची, पाच-दहा मिनिटे इंजिन बिनलोडचे, म्हणजे त्याच्यावर कोणतेही उपकरण न टाकता, चालवायचे, व्होल्टमीटरचा काटा जागेवर आला की बंद करायचे. अशा तपासणीतून यंत्राची खरी ताकद कळत नाही. उलट ती वरचेवर केली तर इंजिनच खराब होते.

डिझेल इंजिन पुरेसे तापल्याशिवाय इंधन पूर्ण जळत नाही. क्षमतेच्या सुमारे ३० टक्क्यांहून कमी लोडवर ते वारंवार चालवले, की अर्धवट जळालेले डिझेल आणि काजळी नोझलवर, व्हॉल्व्हवर व सायलेन्सरमध्ये साचते, लायनरला, म्हणजे पिस्टन ज्यात सरकतो त्या नळकांड्याला, आतून चकाकी येऊन पिस्टनच्या रिंगा नीट बसत नाहीत, आणि खरा लोड पडतो त्या दिवशी इंजिन काळा धूर ओकत दम टाकते. नदीकाठच्या एका रुग्णालयात असाच एक संच पाहिला. बाहेरून रंग नवा होता, पण सायलेन्सरच्या जोडातून काळे, डांबरासारखे चिकट तेल ओघळून वाळलेले होते. टाकीच्या तळाचा नट सैल करून थोडे डिझेल काचेच्या बाटलीत धरले, तर खाली बोटभर पाणी आणि त्यावर तपकिरी, बुळबुळीत थर दिसला. टाकी अर्धी रिकामी राहिली की आतल्या हवेतील बाष्पाचे पाणी होते, त्या पाण्यात जिवाणू व बुरशी वाढतात, आणि तो गाळ नेमका इंजिनाला ताण पडल्यावर फिल्टरमध्ये येऊन बसतो.

तेथील ऑइल बदललेले नव्हते, कारण ‘तास भरले नाहीत’. देखभालीचे करार अवर मीटरकडे, म्हणजे इंजिन किती तास चालले ते दाखवणाऱ्या मीटरकडे, पाहून केले जातात, आणि वर्षभरात मोजके तास चालणाऱ्या संचाला त्या हिशेबाने सर्व्हिसिंगच लागू होत नाही. ऑइल उभ्या इंजिनातही खराब होते. ठरलेले तास किंवा एक वर्ष, यांपैकी जे आधी भरेल तेव्हा ते बदलले पाहिजे, आणि करारात तसे स्पष्ट लिहिले पाहिजे.

बॅटरीबद्दल थोडक्यात सांगतो. संच चालू न होण्याचे सर्वांत नेहमीचे कारण तीच असते. नुसत्या उभ्या बॅटरीचे व्होल्टेज मोजून काही कळत नाही. सेल्फ मारताना ते किती खाली येते, हे पाहावे लागते.

आता पुराचा प्रश्न. पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची धोका पातळी ४३ फूट आहे, आणि २०१९ व २०२१ या दोन्ही वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेले. तरीही काही इमारतींत संच किंवा त्याचे पॅनेल तळघरात अथवा जमिनीलगत आहे. चौथरा २०२१ च्या पूररेषेच्या वर असल्याशिवाय त्या संचाची नोंद यादीत धरू नये, अशी माझी विनंती आहे. २०१९ मध्ये महामार्ग पाण्याखाली गेल्याने टँकर अडकले आणि शहरात इंधनाची टंचाई झाली, हेही आपण जाणताच. १२५ केव्हीए क्षमतेचा संच अर्ध्या लोडवर तासाला साधारण १५ लिटर डिझेल पितो, म्हणजे दिवसाला ३६० लिटर. तीन दिवसांचा विचार केला तर हजार लिटरच्या पुढे हिशेब जातो. टाकीत किती डिझेल आहे आणि ते किती तास पुरेल, हे यादीत लिहिलेच जात नाही.

यासाठी मोठा खर्च लागणार नाही. मुख्य पुरवठा खरोखर बंद करून इमारतीचा प्रत्यक्ष लोड किमान एक तास जनरेटरवर चालवावा, वीज जाताच संच आपोआप सुरू करणारे ऑटो पॅनेल असेल तर ते किती सेकंदांत लोड घेते हे नोंदवावे, आणि लोडची टक्केवारी, ऑइलचा दाब व पाण्याचे तापमान यांच्या नोंदीखाली तपासणाऱ्याची सही असावी. चाचणीत लोड ३० टक्क्यांपर्यंत जात नसेल, तर लोड बँक, म्हणजे संचावर कृत्रिम लोड टाकणारे यंत्र, भाड्याने आणून चाचणी घ्यावी. त्याच वेळी इमारतीची जोडणी मुख्य पुरवठ्यावरून जनरेटरवर बदलणारा चेंजओव्हर स्विचही पाहावा; तो सदोष असेल तर जनरेटरची वीज उलट वाहिनीत शिरते आणि खांबावर काम करणाऱ्या वायरमनचा जीव जातो. निवारा केंद्रांत ऐनवेळी भाड्याने आणलेला संच तर कधी थेट बोर्डाला जोडला जातो, त्याला मनाई असावी. माणसे शोधायला लांब जावे लागणार नाही; कागलच्या औद्योगिक वसाहतीत जनरेटर तयार होतात आणि उद्यमनगरात ते दुरुस्त करणारे हात आहेत.

हा आदेश आढावा बैठकीच्या किमान महिनाभर आधी निघावा, कारण नोझल आणि इंधनपंपाची कामे दोन दिवसांत उरकत नाहीत आणि जुन्या संचांचे सुटे भाग मागवूनच आणावे लागतात.

आपला विश्वासू,
एक इंजिनदुरुस्ती व्यावसायिक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर.