गाडीचा हीटर तापत नाही? आधी थर्मास्टॅट जागेवर आहे का बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेलं दीड वर्ष मी आठवड्यातनं दोनदा बाबांना डायलिसिससाठी खानापूरहून बेळगावला नेतोय. पहाटे साडेपाचला निघावं लागतं आणि डिसेंबर-जानेवारीत त्या वेळेला काय थंडी आणि धुकं असतं ते आमच्या भागातल्या लोकांना सांगायला नको. बाबांना थंडी अजिबात सोसत नाही, कानटोपी शाल घालून मागं बसतात आणि सारखं विचारतात, "हीटर लावलास काय रे?" लावलेलाच असायचा, पण देसूर येईपर्यंत गारच वारा, मच्छे पिरनवाडी मागं पडल्यावर कुठं जरा कोमट लागायचं आणि तोवर हॉस्पिटल आलेलंच असायचं. आतनं काच धुरकट व्हायची ती वेगळीच, एका हातानं पुसत पुसत गाडी चालवायची.

दोन गॅरेज झाली. एकानं ब्लोअर बदलला, काही फरक नाही. दुसरा म्हणाला हीटरची कॉईल (डॅशबोर्डमागची, गरम पाणी फिरतं ती जाळी) चोक झालीय, सगळा डॅशबोर्ड खोलावा लागेल, खर्च मोठा आहे. मी तयारही झालो होतो, पण ओळखीतल्या एका वयस्क मेस्त्रींना सहज दाखवली तर त्यांनी पहिलं हेच विचारलं की टेंपरेचरचा काटा कुठवर जातो. मी म्हटलं पावच्या वर जातच नाही, उतारावर तर आणि खाली येतो. बरी गोष्ट की गाडी तापत नाही असंच मी इतके दिवस समजत होतो!

त्यांनी थंड गाडी स्टार्ट करून रेडिएटरच्या वरच्या पाइपला माझा हात लावायला सांगितला, पंख्यापासनं लांब धरून. थर्मास्टॅट, म्हणजे इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडं जाऊ न देणारी झडप, चांगला असेल तर हा पाइप बराच वेळ गार राहतो आणि इंजिन तापलं की मग एकदम गरम होतो. माझा पाइप पहिल्या मिनिटापासनंच हळूहळू कोमट व्हायला लागला. म्हणजे पाणी इंजिनात थांबतच नाही, सुरुवातीपासनं सगळं रेडिएटरमधनं फिरून गार होऊन येतंय, मग हीटरला ऊब मिळणार कुठनं, हीटर तर इंजिनच्या त्याच पाण्यावर चालतो. गाडी गार झाल्यावर थर्मास्टॅट बसवतात ते हाउसिंग खोललं तर आत थर्मास्टॅटच नाही, नुसतं गॅस्केट. वर रेडिएटरचा फॅन पण डायरेक्ट केलेला, चावी फिरवली की चालू.

मग आठवलं, दोन उन्हाळ्यांमागं गाडी एकदा तापली होती तेव्हा एका गॅरेजला दिली होती. तिथं जाऊन विचारलं तर म्हणतात, "थर्मास्टॅट ब्याड्री (नको हो) सायेब, आपल्याकडं हीटर कशाला लागतंय?" मला विचारलं नाही, बिलावर लिहिलं नाही. मुळात गाडी का तापली ते शोधलंच नाही, तो पार्ट काढून टाकला आणि मोकळे झाले. याचा मला खरंच राग आला.

आपल्याकडं हीटर कशाला म्हणणाऱ्यांनी जुलैत जांबोटी कणकुंबीवरनं चोर्ला घाट उतरून बघावा. पावसात काच आतनं वाफ धरते तेव्हा एसी आणि हीटर दोन्ही एकदम लावून हवा काचेवर सोडली की झटक्यात साफ होते, कारण एसी हवेतलं पाणी काढतो आणि हीटर ती हवा गरम करतो. तेव्हा रिसर्क्युलेशन बंद ठेवायचं, बाहेरची हवा आत घ्यायची. आणि प्रश्न नुसता हीटरचा नाहीच, इंजिन थंड राहिलं की कॉम्प्युटर पेट्रोल जास्त सोडत राहतो, ॲव्हरेज पडतं, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही, इंजिन लवकर झिजतं.

नवीन थर्मास्टॅट आणला तो बसवायच्या आधी घरी गॅसवर पातेल्यात दोऱ्याला बांधून टांगून बघितला. त्यावर 82 कोरलेलं होतं, म्हणजे 82 अंशाला उघडायला सुरू होतो. आत मेण भरलेलं असतं, ते वितळून फुगतं आणि झडप ढकलतं. पाण्याला बुडबुडे यायला लागले तशी झडप हळूहळू उघडली, गॅस बंद केल्यावर परत बसली. बाबा खुर्ची ओढून बघत बसले होते. जुना थर्मास्टॅट उघडाच अडकलाय काय ते पण असंच समजतं.

आता देसूरच्या आधीच काटा मध्यावर येतो आणि बाबा कानटोपी काढून ठेवतात.

सगळ्यांचं दुखणं हेच असेल असं नाही. कूलंट (इंजिनात फिरणारं पाणी) कमी असलं तरी हीटर तापत नाही, ते आधी बघा, पण गाडी गरम असताना रेडिएटरचं झाकण चुकूनही उघडू नका. डॅशबोर्डमागनं खळखळ आवाज येत असेल तर पाण्यात हवा अडकलीय. काटा मध्यावर असून वारा गार असेल तर हीटरच्या दोन पाइपांना जपून हात लावून बघा, एक गरम एक गार म्हणजे कॉईल चोक (बोअरचं पाणी वर्षानुवर्षं ओतलं की क्षार बसतातच), दोन्ही गरम म्हणजे हवा कॉईलकडं वळवणारा आतला फ्लॅप फिरत नाही. काचेवर तेलकट थर, गोडसर वास आणि पुढची मॅट ओली असेल तर कॉईल लीक आहे. आणि स्टार्ट केल्या केल्या ब्लोअर फुल्ल करू नका, काटा हलेपर्यंत एकवर ठेवा.

गॅरेजवाल्यांना हात जोडून विनंती आहे, एखादा पार्ट काढून टाकायचा असेल तर गाडीवाल्याला विचारा आणि बिलावर लिहा. जुनी गाडी घेणाऱ्यांनीही पैसे द्यायच्या आधी सकाळी थंड इंजिनवर त्या वरच्या पाइपला हात लावून बघावा.

आपला,
एक वाचक, खानापूर