जे१ झालं का?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मोबाईलमुळे मराठीची वाट लागली अशी पत्रं तुमच्याकडं सारखी येतात, मागं एका काकांनी पोरांच्या 'जे१ झालं का' वर भरपूर राग काढलेला. जे वन, म्हणजे जेवण. मला तर हसूच आलं. पण काका, हा उद्योग एकट्या सांगलीतल्या पोरांचा नाही, फ्रान्समधली पोरं पण हेच करत आलीत. 'ए२एम१' असं टाईप करायचं आणि वाचायचं 'आ दमँ', म्हणजे उद्या भेटू. फरक एवढाच की ती पोरं आकडे फ्रेंचमध्ये वाचतात आणि आपण जेवायला बसताना पण इंग्रजीतला वन घेतो, राग यायचाच तर त्याचा यावा.

आणि ही तोडातोडी काय उगाच नाही आली. पहिला एसएमएस इंग्लंडात ३ डिसेंबर १९९२ ला गेला, एका मेसेजात १६० अक्षरं मावायची, पण रोमन. देवनागरी घातली की डायरेक्ट ७०, त्यात काना, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजायचं. मार्केट यार्डातनं 'आज हळदीचा सौदा बंद आहे, गाडी मिरजेतच थांबवा, उद्या सकाळी लवकर पाठवून द्या' एवढं कळवायचं तर दोन मेसेजचे पैसे, मग काय, आम्ही अडतवाले सगळे इंग्रजी अक्षरात मराठी लिहायला लागलो. फ्रेंचांचं पण तेच, त्यांचा तो डोक्यावर टोपी असलेला ई एकदा जरी आला तरी १६० चे ७०, म्हणून त्यांनी टोप्याच काढून टाकल्या.

शब्दांचं म्हणाल तर एलओएल, म्हणजे खो खो हसतोय, हे इंग्रजीतनं फ्रेंचमध्ये गेलं, पण त्यांचं स्वतःचं एमडीआर, म्हणजे हसून हसून मेलो, ते पण जोरात चालतं. उलटं पण झालंय. इंग्रजी लग्नपत्रिकेत खाली आरएसव्हीपी छापतात ना, ते अख्खं फ्रेंच आहे, 'कृपया उत्तर कळवा'. (आपल्याकडं उत्तर कोण कळवतंय, माणसं थेट पंगतीला येतात.)

इंग्रजी शब्द घुसले की फ्रान्सचं सरकार गप्प बसत नाही हे खरं. ईमेलला 'कुरिएल' हा शब्द कॅनडातल्या क्वेबेकमधनं आला, फ्रान्सनं २००३ ला तो सरकारी केला आणि तो बऱ्यापैकी चालला. २०१३ ला हॅशटॅगला 'मो-दिएझ' काढला, लोक हॅशटॅगच म्हणत राहिले. आपल्याकडं सावरकरांचा 'महापौर' असा काय बसला की सांगलीत मेयर म्हटलं तर दोन मिनिटं कुणाला कळायचं नाही, पण 'भ्रमणध्वनी' कुणाच्या तोंडात बसला का सांगा. तो फक्त तुमच्या छोट्या जाहिरातींत उरलाय, तेवढा काढा आणि नुसतं 'मो.' छापा, कारण शब्दामागं पैसे आम्ही भरतो आणि चुकून दोन तुकड्यांत छापला की दोन शब्दांचं बिल येतं.

आपला,
एक अडत व्यापारी, सांगली